क्लार्क गेला, फ्लॅगलर टिकला
तेलधंद्यात पैसा आला की भागीदारांची मैत्री संपतेच, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. फेब्रुवारी १८६५ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडला, पुढे तेलसम्राट झालेला जॉन रॉकफेलर आणि त्याचा भागीदार मॉरिस क्लार्क यांनी आपल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा आपसांत लिलाव केला, तेव्हा ५०० डॉलरपासून निघालेली बोली चढत चढत ७२,००० वर पोचली आणि रॉकफेलरने ७२,५०० म्हणताच क्लार्कने धंदा त्याच्या स्वाधीन केला. या फुटीचे मूळ माझ्या मते हाव नव्हे, स्वभाव होता: रॉकफेलरला कर्ज काढून कारखाना वाढवायचा होता, क्लार्कला त्या कर्जाचीच धास्ती होती, आणि अशी दरी जुन्या ओळखीने बुजत नाही. याउलट १८६७ मध्ये भागीदार झालेल्या हेन्री फ्लॅगलरशी रॉकफेलरचे अनेक वर्षे जमले. दोघांची घरे जवळ, कचेरीत मेजे एकाच खोलीत. पायी जाता-येता ते धंद्याचे बेत ठरवत, आणि करार लिहिण्यात फ्लॅगलरचा हातखंडा असल्याने (ही बाब फारच महत्त्वाची वाटते) दोन्ही बाजूंचे हक्क कागदावर स्वच्छ उतरत. धंद्यातून जुळलेली मैत्री ही मैत्रीतून उभारलेल्या धंद्यापेक्षा बरी, असे फ्लॅगलर म्हणत असे.