आफ्टर इफेक्ट्स: ढोलाच्या ठोक्यावर लोगो फुगण्याऐवजी थरथरतोय, मदत हवी आहे

ढोल-ताशाच्या रीलवर मंडळाचा लोगो ठोक्याठोक्याला फुगवायचा आहे. ॲनिमेशनच्या या सॉफ्टवेअरमधला माझा कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे लेयर रचायची टाइमलाइन) सेकंदाला २५ फ्रेमचा. ऑडिओ लेयरवर 'कन्व्हर्ट ऑडिओ टू कीफ्रेम्स' (आवाजाची पातळी कीफ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक फ्रेमवर नोंदलेल्या आकड्यांत, उतरवणारी कमांड) चालवलं, 'ऑडिओ ॲम्प्लिट्यूड' नल (न दिसणारा लेयर) आला, त्यातला 'बोथ चॅनल्स'चा स्लायडर पिकव्हिपने (ओढून दोन किमती जोडायचं साधन) लोगोच्या स्केलला जोडला. लोगो एकदम चिमुकला झाला आणि ठोका नसतानाही थरथरतो. स्केल निवडून स्मूदर (चढउतार गुळगुळीत करणारं) पॅनल उघडलं, तर 'अप्लाय' दाबताच येत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १
स्मूदर फक्त निवडलेल्या कीफ्रेमवर चालतो. तुमच्या स्केलवर एक्स्प्रेशन (किंमत काढणारा छोटा कोड) आहे, कीफ्रेम एकही नाही. आणि स्लायडरचा आकडा ३० असेल तर स्केलही ३० टक्केच होणार, म्हणून लोगो चिमुकला.

स्लायडरचा ग्राफ उघडून शांत जागेचा आणि कडक ठोक्याचा आकडा बघा. समजा ८ आणि ३०. मग लिनियर फंक्शनला (एका पट्ट्यातला आकडा दुसऱ्या पट्ट्यात बसवणारं) स्लायडर, ८, ३०, १००, ११५ याच क्रमाने द्या. ८ च्या खाली काहीही हललं तरी स्केल १०० वरच राहील.

उरलेली थरथर ताशाची. तो सतत तडतडत असल्याने आवाजाची पातळी खाली येतच नाही. ऑडिओ लेयरची डुप्लिकेट काढून तिच्यावर 'हाय-लो पास' लावा, लो पास (फक्त खालचे, जाड आवाज जाऊ देणारा) निवडा, कटऑफ १५० हर्ट्झच्या आसपास. मूळ लेयर म्यूट करून मगच कन्व्हर्ट करा, कारण कॉम्पमध्ये जे जे ऐकू येतं ते सगळं त्यात धरलं जातं. एक्स्प्रेशन नव्या नलला पुन्हा जोडा, नाहीतर ते जुन्यालाच धरून बसेल.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. पुढे कोणीतरी स्मूथ फंक्शन सुचवेलच (०.२ सेकंद, ५ नमुने), पण ढोलाला ते लावू नका. ते मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंची सरासरी काढतं, त्यामुळे टिपरू पडायच्या आधीच लोगो फुगायला लागतो आणि शिखरही बोथट होतं.

हवं ते असं: चढ तात्काळ, उतार सावकाश. एक्स्प्रेशनमध्ये फॉर लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणारा कोड) घ्या, आय ० ते ६. प्रत्येक फेरीत व्हॅल्यू-ॲट-टाइमने आय फ्रेम मागची किंमत घ्या, तिला ०.८ च्या आय-व्या घाताने गुणा आणि त्यातली सर्वांत मोठी ठेवा. ३० चा ठोका पुढच्या फ्रेमला २४, मग १९.२, १५.४ असा उतरत सहाव्या फ्रेमला ७.९ होतो, म्हणजे ८ च्या खाली, लोगो जागेवर. लय द्रुत असेल तर ०.७ करा.

उतार आधी, लिनियर नंतर. उलट केलंत तर ११५ गुणिले ०.८ म्हणजे ९२, ते १०० च्या खालीच, उतार दिसणारच नाही.

धागाकर्ता
जमलं! आता ग्लोही (लोगोभोवतीची चमक) याच तालावर हवा आहे, पण प्रिव्ह्यू रखडतोय.

प्रतिसाद २
लूप प्रत्येक लेयरवर चिकटवू नका. नलवर वेगळा 'स्लायडर कंट्रोल' घालून लूप तिथे ठेवा, स्केल आणि ग्लो इंटेन्सिटी दोन्हीकडे फक्त आपापलं लिनियर. मग त्या स्लायडरवर 'कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू कीफ्रेम्स' चालवा. एक्स्प्रेशन पुसलं जात नाही, नुसतं बंद होतं. ऑडिओ बदलला तर नव्या नलला जोडून ते चालू करा आणि पुन्हा कन्व्हर्ट करा. आता स्मूदर चालेल, पण या कीफ्रेमवर लावाल तर ठोक्याची धार पुन्हा जाईल.