जुन्या पिढीच्या गाडीत नव्या पिढीच्या इंजिनचं वायरिंग बसेल का?

प्रश्न: इंजिन नव्या पिढीचं, बॉडी जुनी. इंजिनकडचे कपलर (वायर जोडणारे प्लग) जुळतात, पण ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर वेगळा आहे. नवं हार्नेस (वायरचा जुडगा) पूर्ण बसवू, की जुन्याचेच कपलर बदलू?

उत्तर १: कपलर बसला म्हणजे पिन जुळल्या, असं नाही. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम समोर ठेवून पिनवार तक्ता करा. रंगांवर जाऊ नका, पिढी बदलली की रंगही बदलतात. क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा) आधी बघा: दोन वायरचा बहुधा मॅग्नेटिक, तीनचा बहुधा हॉल, म्हणजे वीजपुरवठा लागणारा इलेक्ट्रॉनिक. ट्रिगर व्हीलचे, म्हणजे या सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी चाकाचे, दातही मोजा. ३६-१ (३६ दातांच्या जागा, त्यातला एक गाळलेला) वाचणाऱ्या ईसीयूला ६०-२ दिलं तर स्टार्टर फिरत राहील, ठिणगी पडणार नाही.

उत्तर २: माझं मत, इंजिन, हार्नेस आणि ईसीयू एकाच गाडीचे घ्या. जोडायला मग बॉडीकडच्या मोजक्याच वायर उरतात: कायम १२ व्होल्ट, इग्निशन, स्टार्टर, फ्युएल पंप रिले, मीटर. इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असेल तर किल्ली आणि त्याचं युनिटही त्याच गाडीचं लागतं. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडलसुद्धा. जुना मीटर कॅनवरचा (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या डेटा-लाइनवरचा) आरपीएम वाचत नाही, तो काटा शून्यावरच राहतो.

उत्तर ३: इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स मोजा. १२ ते १६ ओहमसाठीच्या ईसीयूला २-३ ओहमचे लावले तर ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जळतं. सेन्सरचा ग्राउंड बॉडीला जोडू नका, ईसीयूलाच परत न्या. क्रँकिंग करताना इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची केबल आधी बदला.