पेनड्राइव्ह रिकामा, तरी व्हिडिओ जाईना

प्रश्न: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह जवळपास रिकामा आहे. लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. असं का?

उत्तर: ड्राइव्ह फॅट३२ या फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइली साठवायच्या पद्धतीचा असणार. जागा कितीही असो, त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, फॉरमॅटमध्ये पुसलं जातं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एक्सफॅट, स्टार्ट. ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा, नाहीतर भलताच ड्राइव्ह उडवाल!

दुसरं उत्तर: एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिमही चालेल, पण मॅक त्यावर आपणहून लिहीत नाही, नुसतं वाचतो. जुना टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर फॅट३२च ठेवा, व्हिडिओचे दोन तुकडे करा.

प्रश्नकर्ता: एक्सफॅट केलं, गेला!

उत्तर: छान. इजेक्ट करूनच काढा. आणि मूळ फाइल कॉम्प्युटरवरून पुसू नका हं.