मदत हवी आहे: फ्लाय अ‍ॅश विटांच्या कारखान्यात पैसे घालावेत का? (भुसावळ परिसर)

गिरणाकाठ:
दीपनगर वीजकेंद्रापासून २५ किमीवर, रस्त्याला लागून २० गुंठे बिगरशेती जागा आहे. रोज १०,००० विटांचा हायड्रॉलिक प्रेस घ्यायचा विचार आहे. कोटेशनमध्ये प्रेस, पॅन मिक्सर (माल कालवायचं यंत्र) आणि कन्व्हेयर एवढंच धरलंय. मशीनवाला म्हणतो वर्षात पैसे वसूल. बाकी खर्च काय येईल? वीजकेंद्राची राख (फ्लाय अ‍ॅश) फुकट मिळते हे खरं का?

ओतकाम:
मशीनवाल्यांच्या हिशेबात क्युरिंग (पाणी मारून वीट पक्की होऊ देणं) कधीच नसतं, आणि पैसा तिथेच अडकतो.

२३० × ११० × ७५ मिमीची वीट साधारण ३ किलोची, म्हणजे रोज ३० टन माल. राख ५५, डस्ट (खडी फोडताना निघणारी दगडाची भुकटी) ३५, सिमेंट १० टक्के धरा: १६.५ टन राख, १०.५ टन डस्ट, ६० गोणी सिमेंट. वीट पहिला दिवस पॅलेटवर, मग थप्पी लावून किमान १४ दिवस पाणी; २१ दिवस मारलंत तर उत्तम. म्हणजे २१ दिवस धरले तर यार्डात कायम साधारण दोन लाख विटा पडून. विटेला ५ रुपये खर्च धरला तर १० लाख तिथेच. महिन्याला २५ दिवस काम आणि बिल्डरकडे दोन महिन्यांची उधारी, की आणखी २५ लाख. प्रेस त्यामानाने स्वस्त वाटेल!

राखेचं म्हणाल तर गेटवर फुकट मिळाली तरी भराई आणि वाहतूक तुमचीच. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेमुळे वीजकेंद्रांना सगळी राख वापरात आणणं बंधनकारक आहे, पण चांगल्या सुक्या राखेवर सिमेंट कंपन्यांचाही डोळा असतो. सुकी राख म्हणजे बल्कर (ती नेणारा बंद टँकर) आणि सायलो (ती साठवायची उंच टाकी) आले. वीजकेंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यातली ओली राख सहज मिळते. ती जाडसर असते, ओलावा रोज बदलतो, आणि सिमेंट तेवढंच घालूनही ताकद कमी भरते.

खतावणी:
पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, केंद्राची कर्ज-अनुदान योजना) बघा. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत. अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. त्यामुळे त्यावर खेळतं भांडवल काढू नका. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात पण हप्ता थांबत नाही, हेही धरा.

गिरणाकाठ:
धन्यवाद. इकडे काही कारखान्यांच्या विटांच्या कडा उतरवतानाच झडतात. दोष मशीनचा की मालाचा?

ओतकाम:
बहुतेक वेळा पाण्याचा. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा टिकायला हवा आणि हाताला पाणी सुटता कामा नये. कोरडं राहिलं तर कडा झडतात. विटेत आडवी चीर दिसली तर समजा आत हवा कोंडली आहे. प्रेसचा दाब दोन टप्प्यांत द्यायला सांगा. माल घमेल्यांनी मोजू नका, वजनावर घ्या: ओली डस्ट फुगते आणि प्रमाण बिघडतं. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी पुरत नाही, थप्प्यांवर ओलं गोणपाट हवं.

आगाऊ रक्कम देण्याआधी दीपनगरची राख आणि तुमच्या खाणीची डस्ट मशीनवाल्याकडे न्या, त्याच्याच प्रेसवर विटा पाडून घ्या. २१ दिवस पाणी मारा आणि प्रयोगशाळेत आयएस ३४९५ (विटांच्या चाचणीचं भारतीय मानक) प्रमाणे तपासा, पाच विटा दाबाला, पाच पाणी शोषणाला. शोषण २० टक्क्यांवर गेलं तर मिश्रण बदलून पुन्हा पाडा. मशीनवाला यालाच नाही म्हणाला तर दुसरा बघा.