विषय: दिवाळी काव्यवाचन – मेलबर्न आणि बे एरियाची वेळ

मंडळी, सप्रेम नमस्कार.
नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मेलबर्नकरांबरोबर ऑनलाइन काव्यवाचन ठरलंय. पुण्याहूनही दोघं-तिघं वाचणार आहेत. आपल्याकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे परिसरात, संध्याकाळी 7 ची लिंक काढतो. मेलबर्न 18 तास पुढे, म्हणजे तिथे रविवार दुपारी 1. काका, चालेल ना?
– कार्यक्रम समिती, सॅन होजे

*

चालेल की. पण 1 नाही रे, 2!

18 तासांचा हिशोब ऑक्टोबरात आणि मार्चातच खरा. उन्हाळी वेळेसाठी आमची मेलबर्नची घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर पुढे जातात, तुमची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. झाले 19. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही पुढे गेलात की पुन्हा 18, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही मागे आलो की 17, ते थेट ऑक्टोबरपर्यंत. भारत मात्र जागचा हलत नाही. म्हणून पत्रिकेवर आधी भारतीय वेळ घाल: रविवार, सकाळी 8.30. ब्रिस्बेनच्या मंडळींना वेगळं कळव. त्यांचं क्वीन्सलँड राज्य घड्याळाला हातच लावत नाही, त्यांच्याकडे तेव्हा 1 वाजलेला असेल.

एरवी आपली शहरं अक्षांशाने सख्खी. सॅन फ्रान्सिस्को 37.8 उत्तर, मेलबर्न 37.8 दक्षिण. सगळं उलटं, एवढंच. नोव्हेंबरात तुमच्याकडे पाचला अंधार पडतो, इथे आठपर्यंत उजेड. ओट्यावर पणत्या लावाव्यात तर शेजाऱ्यांना त्या दिसत नाहीत. अंधार पडेतो पोरं पेंगायला लागतात. संक्रांतीची तर कमालच. काळं नेसायचं ते थंडीत ऊब मिळावी म्हणून, आणि इथे जानेवारीत पारा कधीकधी चाळिशीला टेकतो. तरी बायका हौसेने काळ्या साड्या नेसून हळदीकुंकवाला येतात आणि पंख्याखालची जागा धरतात. उत्तरायण म्हणाल, तर आमचा दिवस तेव्हा लहान होत चाललेला असतो.

हवेच्या बाबतीत मात्र तुम्ही सुखी. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं मधलं खोरं तापलं की समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते, धुकं येतं. सॅन फ्रान्सिस्कोत स्वेटर आणि सॅन होजेत घाम. पण ते धुकं निदान वेळ पाळतं. इथे उत्तरेकडून वाळवंटाचा वारा दिवसभर भाजून काढतो, मग वारा एकदम नैर्ऋत्येचा होतो आणि पारा बघता बघता पंधरा अंशांनी खाली. छत्री, टोपी, जाकीट, सगळं गाडीत कायमचं.

दोन्ही शहरं सोन्यावर मोठी झाली, तुमचं 1848 नंतर, आमचं 1851 नंतर. पुढे तुम्ही मोटारींचे झालात, आम्ही ट्रामचे. मेलबर्नच्या जुन्या ट्राम तुमच्या मार्केट स्ट्रीटवर धावतात, बघितल्यास का? माझ्या मते त्या आम्ही द्यायलाच नको होत्या. बाकी इथली बरीच दुकानं साडेपाचला बंद, कॉफीवाले त्याच्याही आधी, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सरकारी सुट्टी. दिवाळीला मात्र रजा टाकावी लागते.
– मेलबर्नहून, काका

*

शनिवारी आमच्या फ्रीमाँटच्या गटाची फराळ पार्टी आहे हो. रविवारी संध्याकाळी 7 ला ठेवलं तर?
– फ्रीमाँट

*

ताई, तुमची रविवार संध्याकाळ म्हणजे इथला सोमवार दुपार. मी ऑफिसात कविता वाचू लागलो तर ऐकतील सगळे, पण कळणार कुणाला? शुक्रवारी 7 म्हणाल, तर आमच्याकडे शनिवार, आणि शनिवारी दुपारी निम्मे पालक पोरांच्या क्रिकेट मॅचला मैदानावर. फराळ जरा अलीकडे, 4 वाजता घेता येईल का?
– काका

*

4 ला घेतो. पण तासभर आधी कुणीतरी फोन करून उठवा, आमच्याकडची माणसं फराळावर बसली की उठत नाहीत.
– फ्रीमाँट

*

ठरलं. भारत रविवार सकाळी 8.30, बे एरिया शनिवार संध्याकाळी 7, मेलबर्न रविवार दुपारी 2, ब्रिस्बेन 1. कविता बुधवारपर्यंत पाठवा, युनिकोडमध्ये. फोटो काढून पाठवलेल्या वहीच्या पानांवरून या वेळी कुणीही टाइप करून देणार नाही.
– कार्यक्रम समिती, सॅन होजे