जुन्या पिकअपचा स्पीडोमीटर बंद, मीटर बदलू की केबल?

ओतूरचा कांदेवाला
राम राम मंडळी. माझी २००५ची डिझेल पिकअप आहे, केबलवाला मीटर. ओतूरहून माळशेज उतरून कल्याणला कांदा टाकतो. दिवाळीच्या सुमाराला काटा ४०च्या पुढे थरथरायला लागला, सकाळी गाडी गार असली की डॅशबोर्डातून टिकटिक. मग एक दिवस टिकटिक बंद अन् काटाही शून्यावर. खालचे किलोमीटरचे आकडेपण हलत नाहीत. डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा मात्र बरोबर. गॅरेजवाला म्हणतो अख्खा मीटर बदल, कटकट मिटेल. जुन्या बाजारातला मीटर घातला तर त्यावरचे किलोमीटर कुणाच्या गाडीचे? पुढच्या महिन्यात पासिंग आहे. ॲव्हरेज कळेना, आणि डिझेलचा हिशोब भावाला द्यावा लागतो, तो हिशोबाला लई चिकट. आधी काय बघू?

रिकामटेकडा
फ्यूज बघितला का? माझा फ्यूजच निघाला होता.

मीटर मिस्त्री
फ्यूजचा काय संबंध? तुमची गाडी सेन्सरवाली असणार, तिथं फ्यूज, वायरिंग, सेन्सरचा प्लग हे आधी बघायचं. केबलवाल्या काट्याला करंट लागतच नाही.

कांदेवाले दादा, आकडेपण थांबलेत हे लिहिलंत ते बरं केलं. गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीच्या दांडीवर काटा आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक वाटीला शिवत नाही, नुसता आपल्याबरोबर ओढतो, स्प्रिंग मागं खेचते. आकडे मात्र चुंबकाच्या दांड्यावरून दातेरी चाकांनी थेट फिरतात. म्हणून दोन्हीपैकी एकच बंद असेल तर दोष मीटरमध्ये. दोन्ही एकदम गेले की मीटर सोडा, खालून शोधत या.

सपाट जागी गाडी न्यूट्रलला घाला. मीटरमागं हात घालून केबलचा आटेवाला नट सोडवा, हातानंच सुटतो. आतल्या तारेचं चौकोनी टोक दिसेल. दोघांना गाडी ढकलायला लावा आणि टोकावर नजर ठेवा. फिरलं तर मग मीटर खोला. नाही फिरलं तर तार बाहेर ओढा. तुटलेली असेल तर अर्धीच हातात येईल. अख्खी आली तर चौकोनाचे कोपरे झिजून गोल झालेत का बघा. तारही धड निघाली तर गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला केबल शिरते तिथलं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक काढा, बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. खाली भांडं ठेवा, थोडं ऑइल येतं.

ओतूरचा कांदेवाला
केलं. टोक फिरलं नाही. तार अख्खी निघाली, पण कोरडी ठणठणीत, हाताला काळी भुकटी लागली. मीटरच्या बाजूनं तारेचा तुकडा घालून बोटांनी फिरवला तर शेवटचा आकडा सरकतो, काटाही उसळतो. म्हणजे मीटर जिवंत! पिनियन काढलं तर एका बाजूचे दाते सपाट. पण पिनियन खाल्लं कशानं?

मीटर मिस्त्री
केबल कुठं मुडपलीय का बघा. पेडलच्या वर, नाहीतर टेपमागं.

ओतूरचा कांदेवाला
टेपमागंच! गेल्या वर्षी म्युझिक सिस्टिम बसवून घेतली, त्या पोरानं केबल काटकोनात दाबून वरून टेप ठोकलाय.

मीटर मिस्त्री
झालं तर. कोरडी तार तिथं अडकत अडकत फिरायची, तोच तुमचा थरथरणारा काटा आणि तीच टिकटिक. ओढ सगळी खाली प्लॅस्टिकवर येते, दाते तेच जातात. नुसतं पिनियन घातलंत तर तेही खाईल. केबल बाहेरच्या नळीसकट नवी घ्या आणि मोठ्या वळणानं न्या. पिनियनची ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, तीही बदला, नाहीतर गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून चढत मीटरपर्यंत येतं.

माळशेज लाईन
पिनियन घेताना जुनं बरोबर न्या आणि दाते मोजून घ्या. मागच्या एक्सलच्या रेशोप्रमाणं दाते वेगळे असतात. दिसायला सारखं आणि एक दाता कमी, की मीटर जादा स्पीड दाखवणार अन् किलोमीटरही फुगणार. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर उलट, मीटर कमी दाखवतो. बसवून झालं की हायवेवर सपाटीला मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा. घाटात नको, तिथं सिग्नल पळतो.

रिकामटेकडा
केबलला ग्रीस भरपूर चोपडा म्हणजे परत कटकट नाही.

मीटर मिस्त्री
भरपूर नको हो! पातळ थर, तोही खालच्या बाजूला. मीटरकडची वीतभर तार कोरडीच ठेवायची. ग्रीस वर चढून वाटी-चुंबकात गेलं की काटा चिकटतो, उभ्या गाडीला ८० दाखवतो. असा मीटर पासिंगला नेलात तर इन्स्पेक्टर काय म्हणेल ते तुम्हीच ऐका.