सणासुदीच्या जेवणात वजनाचा बेत कसा टिकवता? अनुभव लिहा

मंडळी, वजन उतरवायचा बेत एरवी सुरळीत चालतो आणि सुट्ट्या, सण, पाहुणे आले की अडतो. काय खाऊ नये याच्या याद्या सगळ्यांकडे आहेत, त्या इथे नकोत. प्रत्यक्ष जेवायला बसल्यावर तुम्हाला काय साधलं ते लिहा. औषधं चालू असतील तर तेही सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःशी ताडून पाहता येईल.

---

रात्री मोठं जेवण असलं तरी मी सकाळ-दुपारचं खाणं सोडत नाही. दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी समोर येईल ते पोटात जातं. दुपारी प्रथिनं आणि भाज्या भरपूर घेते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून पुन्हा वाढून घ्यायचं की नाही हे थोड्या गप्पा झाल्यावर ठरवते. बहुतेक वेळा इच्छा उरलेली नसते.

---

मधुमेह असलेल्यांनी वरचा प्रतिसाद नीट वाचा. मी इन्सुलिन घेतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असताना जेवण गाळलं तर रक्तातली साखर धोकादायक इतकी उतरू शकते. मी जेवणाच्या बदलणाऱ्या वेळा डॉक्टरांना आधीच सांगतो आणि डोस त्यांच्याकडूनच ठरवून घेतो.

---

मला दुसऱ्या दिवशीच्या वजनकाट्याबद्दल लिहायचंय, कारण माझ्या बहिणीसकट कितीतरी जण तिथेच धीर सोडतात. रात्री जेवून सकाळी काटा किलोभर वर दिसला तर ती चरबी नसते. ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या कर्बोदकांच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. खारट खाण्यामुळे आणखी पाणी धरलं जातं, शिवाय आतड्यातलं अन्न असतंच. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात, तेवढ्या एका जेवणात कोण खातं? बहिणीला मी एवढंच सांगते की आज नेहमीसारखं जेव आणि तीन-चार दिवसांनी काट्यावर उभी राहा. उपास करू नकोस, दुप्पट व्यायामही नको.

---

घरचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, त्यामुळे माझी खरी परीक्षा ओट्याशीच होते. चव बघण्याचं काम मी मुलाकडे सोपवलंय. तेल मोजून घालते. स्निग्ध पदार्थात ग्रॅमला ९ कॅलरी असतात, प्रथिनं आणि कर्बोदकांत ४, त्यामुळे तेलाचा एकेक चमचा कमी केला तरी फरक पडतो. गोडाच्या पदार्थांत काटछाट करत नाही, ते व्हायला हवं तसंच करते. उरलेलं मात्र पाहुणे निघतानाच डब्यांत भरून देते.

---

आमच्याकडे आग्रह फार. ‘नको’ म्हटलं की सासूबाईंना वाईट वाटतं, आणि मला त्यांना दुखवायचं नसतं. त्यांचं प्रेम वाढण्यातूनच दिसतं. म्हणून जेवण सुरू व्हायच्या आधी त्यांच्याशी बोलून घेते, “आई, तुमच्या हातचं गोड मी खाणार, पण तळलेलं वाढू नका.” यंदा दुसऱ्या कुणी मला आग्रह करायला लागलं की त्याच थांबवत होत्या.

---

माझं मत थोडं वेगळं आहे. सणांच्या दिवसांत वजन उतरवायचा हट्ट मी धरतच नाही, आहे तेवढं राखतो. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९५ अमेरिकी प्रौढांचा अभ्यास छापून आला होता. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत त्यांचं वजन सरासरी ०.३७ किलोच वाढलं, पण पुढच्या महिन्यांत ती वाढ उतरली नाही. वर्षानुवर्षं साचत जाते ती हीच, आणि मला तेवढीच अडवायची आहे. त्यामुळे सणाचं मुख्य जेवण मनसोक्त जेवतो आणि आधीची-नंतरची जेवणं रोजच्यासारखी ठेवतो. जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना घेऊन चालायला निघतो. आता पुतण्या आधी चपला घालून दाराशी उभा असतो.